वादळात पत्रे उडाले, पण त्याआधी खिडकी उघडली होती का?

एप्रिल-मे आला की आपल्या जिल्ह्यात एक बातमी ठरलेली असते. दुपारनंतर आभाळ काळं होतं, अर्धा तास वारा, थोड्या गारा नाहीतर पाऊस, आणि दुसऱ्या दिवशी 'अमुक गावात घरांचे पत्रे उडाले'. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं आणि जोर कमी होत होत आपल्याकडे सरकलं. २०२५ मध्ये तर अख्खा मे महिना पावसात गेला आणि २६ मेला मान्सून मुंबईत हजर झाला. अशा वेळी आम्ही बातमीदार पत्रे मोजतो, तलाठी आप्पा पत्रे मोजतात (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गावात तलाठीच). तो पत्रा उचलला कशाने, हे मात्र कोणी विचारत नाही.

आपल्याला वाटतं वारा पत्र्याला खालून धडकतो. पडवीच्या बाहेर आलेल्या भागाचं ते खरं आहे. पण घरावरच्या पत्र्याला वारा वरून ओढतो. कमी उताराच्या छपरावरून वारा जोरात गेला की वरचा दाब कमी होतो आणि पत्रा वर खेचला जातो. ताशी ८० किलोमीटरचा वारा धरा. दहा फूट लांब, साडेतीन फूट रुंद पत्र्यावर ही ओढ साधारण १०० किलोपर्यंत जाते. पत्र्याचं स्वतःचं वजन पंधरा-एक किलो. वेग दुप्पट झाला तर ओढ चौपट. बांधकामाच्या भारतीय मानकात नाशिकसाठी वाऱ्याचा वेग सेकंदाला ३९ मीटर धरलाय, म्हणजे ताशी १४० किलोमीटर. मग पत्र्यावर ठेवलेले चार दगड काय धरून ठेवणार? उलट तेच दगड शेजाऱ्याच्या ओट्यावर येतात.

आता खिडकीकडे या. वाऱ्याच्या बाजूची झडप तुटली किंवा दाराची कडी निघाली की वारा घरात घुसतो आणि त्याला बाहेर जायला वाट नसते. मग आतून वर रेटा आणि वरून ओढ, दोन्ही एकदम. काही म्हातारी माणसं सांगतात, वादळात दारं उघडी ठेवा, वारा आरपार जाईल. पत्र्याच्या घरात असं करू नका. सगळं बंद ठेवायचं, आणि वाऱ्याच्या तोंडाचं तर आधी. पंचनाम्यात लिहिलं जातं 'पत्रे उडाले'. त्याआधी एका गंजलेल्या बिजागरीने जीव सोडलेला असतो, ती कागदावर येत नाही. माझ्या मते घराच्या डागडुजीचा पहिला खर्च तिथेच करावा, कारण बिजागरी आणि कडी मिळून एका पत्र्याएवढाही खर्च येत नाही.

झडप लोंबायला लागली की बहुतेक वेळा लाकूड चांगलं असतं, स्क्रूचं भोक मोठं झालेलं असतं. त्याच भोकात तोच स्क्रू पुन्हा पिळला तर पुढच्या वाऱ्यात पुन्हा तेच. भोकात बांबूची बारीक काडी फेविकॉल लावून ठोका, रात्रभर सुकू द्या, मग आधीपेक्षा लांब स्क्रू मारा. मोठ्या झडपेला दोनाऐवजी तीन बिजागऱ्या लावा, आणि कडी वर-खाली दोन्हीकडे. एकच मधली कडी असली की झडप वाकते आणि कोपऱ्यातून वारा शिरतो. पावसात फुगलेली झडप लगेच रंधा मारून घेऊ नका. सुतारही सांगतो थांबा म्हणून, पण आपल्याला घाई. लाकूड उन्हाळ्यात आटतं आणि बोटभर फट पडते. ऊन पडल्यावर सुकू द्या, मग चारही कडांना ऑइल पेंट मारा. खालची कड सगळे विसरतात, आणि पाणी तिथूनच पितं.

पत्र्यांचं थोडक्यात. भोक उंचवट्यावर पाडायचं, खोलगट भागात नाही. हुकाखाली रबराचा वायसर हवाच. शेजारचे पत्रे दीड नाळी एकमेकांवर, वर-खाली अर्धा फूट. कडेला आणि कोपऱ्यात ओढ सगळ्यात जास्त असते, म्हणून तिथे हूक दाट. आणि ज्या आडव्या पाइपाला पत्रे बांधलेत, तो पाइप भिंतीत पट्टीने घट्ट केलाय का ते बघा. नुसता विटांवर ठेवलेला असेल तर पाइपासकट सगळं उडतं. वर चढण्याआधी मेन स्विच बंद. सिमेंटच्या पत्र्यावर पाय देऊ नका, फळी टाका.

पैशाचं काय? केंद्राने २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठी ठरवलेल्या निकषांत पक्क्या घराची निदान १५ टक्के पडझड झाली तर ६,५०० रुपये, कच्च्या घराला ४,००० आणि झोपडीला ८,०००. पूर्ण पडलं तर सपाट भागात १ लाख २० हजार, डोंगराळ भागात १ लाख ३० हजार. घराला लागून असलेल्या गोठ्याला ३,०००. मळ्यात वेगळा गोठा असला की वाद इथेच सुरू होतो. कांदा चाळीची तर त्या यादीत वेगळी ओळच नाही, आणि आपल्याकडे घरापेक्षा चाळीचे पत्रे जास्त असतात! निसर्गच्या वेळी राज्याने मदत वाढवून दिली होती, पण तसा निर्णय दरवेळी होईल असं नाही.

१५ टक्क्यांच्या आत नुकसान दाखवलं गेलं तर हाती काहीच नाही. म्हणून ताडपत्री टाकण्याआधी चारही बाजूंनी फोटो घ्या, घरात भिजलेलं सामानही घ्या. एकूण पत्रे किती, गेले किती, वाकले किती, हे कागदावर लिहून ठेवा. तुटलेल्या झडपा, उखडलेली चौकट, पडलेली भिंत हेही नुकसानच आहे, ते पंचनाम्यात लिहायला सांगा. सही करण्याआधी पंचनामा वाचा.

त्याच निकषांत आणखी एक अट आहे, घर अधिकृत बांधकाम असलं पाहिजे. सुरगाणा, पेठ, त्र्यंबक या पट्ट्यात पाड्यावरची कुडाची, कौलारू घरं, इकडे मळ्यातल्या वस्त्या, यातल्या ज्यांची ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला नोंद नाही, त्यांची अडचण वादळानंतर कळते. नोंद आहे का ते आत्ताच बघा, नसेल तर अर्ज द्या आणि पोच घ्या. १ मेच्या ग्रामसभेत हा विषय मांडता येतो.