योगवर्ग घरात, शिक्षिका पडद्यावर

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि सोसायटीच्या हॉलमधले योगवर्ग बंद पडले. शिक्षक मोबाइलसमोर उभे राहून शिकवू लागले. टाळेबंदी उठली, पण हे ऑनलाइन वर्ग टिकले. जाण्या-येण्याचा वेळ वाचतो आणि सासर भोपाळला असो वा बडोद्याला, मराठीतून शिकवणारी पुण्याची शिक्षिका घरबसल्या मिळते.

आमच्या वहिनींनी असाच वर्ग आठ महिने नेमाने केला आणि त्यांचा उजवा गुडघा दुखू लागला. एका सकाळी मी त्यांच्या घरी होते. पाहते तो मोबाइलचा कॅमेरा बंद. ‘‘मागे वाळत घातलेले कपडे दिसतात गं,’’ वहिनी म्हणाल्या. म्हणजे आठ महिने शिक्षिकेला त्या दिसल्याच नव्हत्या! मी दोरीवरचे कपडे काढले, कॅमेरा सुरू केला. वीरभद्रासन सुरू होताच शिक्षिका म्हणाली, ‘‘पुढचा गुडघा आत कलतोय. तो घोट्याच्या वर, पायाच्या बोटांच्या दिशेने ठेवा.’’ एवढेच सांगायचे होते, पण सांगणार कोणाला?

बहुतेकींची चूक हीच असते. आपण पडदा बघतो, पण शिक्षिकेला आपण दिसतो का, हे पाहत नाही. मोबाइल हातात किंवा जमिनीवर नको. स्टुलावर डबे रचून त्याला टेकवून ठेवा. सतरंजी त्याच्यापासून आठ-दहा फुटांवर आणि आडवी अंथरा, म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत सगळे एका बाजूने दिसेल. खिडकी पाठीमागे असली तर नुसती काळी सावली दिसते. उजेड समोरून येऊ द्या.

वर्ग निवडतानाच विचारा की एका वेळी किती जणी असतात. पन्नास जणींच्या वर्गात प्रत्येकीची चौकट पोस्टाच्या तिकिटाएवढी होते, त्यात गुडघा काय दिसणार? दहा-बाराजणींचा वर्ग थोडा महाग पडला तरी तोच घ्या. आधीच मुद्रित केलेले धडे ज्यांना आसने नीट येतात त्यांच्यासाठी ठीक आहेत.

आसनात असताना मात्र पडदा विसरा आणि कानांनी शिका. अधोमुख श्वानासनात मान वर करून मोबाइल बघणे म्हणजे मानदुखीला आमंत्रण. शिक्षिका समोर तोंड करून उभी असली की तिचा उजवा हात आपल्याला डावीकडे दिसतो. ती ‘उजवा’ म्हणते तेव्हा कोणाचा उजवा, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

साधनांसाठी दुकानात धावायची गरज नाही. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार (१९१८-२०१४) यांनी पट्टे, विटा, घोंगड्या, खुर्च्या यांच्या आधाराने आसने शिकवली, त्यामुळे ताठरलेल्या शरीरालाही ती जमू लागली. बोटे पायापर्यंत पोहोचत नसतील तर तळव्याला जुनी सुती ओढणी अडकवा. मांडी घालून बसताना पाठीला पोक येत असेल तर बैठकीखाली चादरीची जाड घडी घ्या. खुर्ची घ्यायची तर चाकांची किंवा हलकी प्लास्टिकची नको; ती घसरते.

रक्तदाब, काचबिंदू, हर्निया, मानेचा विकार किंवा गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि शिक्षिकेला खासगीत सांगून ठेवा. सर्वांसमोर संकोच वाटतो म्हणून लपवू नका. शीर्षासन, सर्वांगासन तर पडद्यावर बघून पहिल्यांदा करूच नयेत. तिथे सावरायला माणूस शेजारी हवा.

राहता राहिले घरचे लोक. बाई घरातच आहे म्हणजे ती मोकळीच आहे, असा सगळ्यांचा समज. म्हणून शेवटचे शवासन आले की बहुतेक जणी वर्ग बंद करून गॅसकडे धावतात. खरे तर एवढ्या हालचालीनंतर श्वास आणि शरीर शांत होते ते त्या पाच-सात मिनिटांतच. वहिनींनी हे घरात स्पष्ट सांगितले आणि सकाळचा कुकर लावायचे काम दादाकडे दिले. पहिल्या दिवशी दादा शवासनातल्या वहिनींजवळ येऊन हळूच म्हणाला, ‘‘अगं, डाळीत पाणी किती?’’ डोळे न उघडता वहिनींनी दोन बोटे दाखवली. दादाने दोन पेरे पाणी घातले की दोन वाट्या, ते मी विचारले नाही. वरण मात्र पातळ झाले होते.