कॅलेंडरावरचा शनिवार

आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरावर दुधाचे खाडे, गॅस आल्याची तारीख आणि संकष्टी यांच्या गर्दीत गेल्या महिन्यापासून आणखी एक कागद लटकतो आहे. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयातले आगामी कार्यक्रम! अक्षर कन्येचं, टाचणीही तिचीच. एक व्याख्यान, मुलांचा चित्रवर्ग, जाणकारांबरोबर प्रदर्शनात फेरी. सोमवारी बंद, हे खाली लाल शाईत.

पहिले दोन शनिवार माझ्यामुळे हुकले. निमित्त कामाचं, पण खरं कारण भीती. आधुनिक चित्रापुढे उभा राहिलो की मास्तरांनी फळ्यापाशी बोलावल्यासारखं वाटतं मला. चित्र उलटं टांगलंय की सुलटं, विचारायचीही चोरी! आणि चित्र म्हणे 'कळलं' पाहिजे. मैफलीतून बाहेर पडणाऱ्याला 'भैरवी कळली का हो?' असं कुणी विचारतं का?

आमच्या दादांना ही भीती नाही. रीगलच्या चौकातली, म्युझियमसमोरची ती इमारत म्हणजे त्यांच्या लेखी अजून कावसजी जहांगीर हॉलच. जॉर्ज विटेटने बांधलेला, १९११ सालचा. तरुणपणी दादांनी तिथे सभा ऐकल्या, गाणी ऐकली. पुढे हॉलला वाईट दिवस आले, आणि १९९६ साली आतून नवी दालनं रचून तिथे संग्रहालय उघडलं. "गाणं ऐकलं त्या जागी आता भिंतींकडे काय बघायचं?" असं म्हणत दादा बरीच वर्षं फिरकले नाहीत.

२०१९ साली प्रभाकर बरवे यांचं मोठं प्रदर्शन भरलं, तेव्हा मी त्यांना आग्रहाने नेलं. 'कोरा कॅनव्हास' लिहिणारे तेच बरवे. आपण दारं-खिडक्यांना लावतो त्या एनॅमल रंगांत त्यांनी घड्याळ, पान, शिंपला असल्या साध्या वस्तू रंगवल्या. माहिती देणाऱ्या बाईंनी विचारलं, "काय दिसतंय?" मी बुटांकडे पाहू लागलो. दादा मात्र एका घड्याळापुढे थांबले होते. सदतीस वर्षं घड्याळाच्या धाकात मस्टरवर सही केलेला माणूस! म्हणाले, "यात किती वाजले ते बघायचं नाही. नुसतं घड्याळ बघायचं. हे मला आजवर जमलं नव्हतं." बाईंना फार आवडलं. मला थोडा हेवाच वाटला.

त्यानंतर काचबिंदूने दादांची नजर मंदावत गेली. आता समोरचा माणूस आवाजावरून ओळखतात. म्हणून कागद लागला तेव्हा त्यांच्यापुढे कुणी विषयच काढला नाही. परवा जेवताना तेच म्हणाले, "व्याख्यानाला मी येणार. कान शाबूत आहेत माझे."

"आणि फेरीला?" कन्येने विचारलं.

"तिथेही. तुझा बाप सांगेल की मला चित्रं!"

माझा घास हातातच राहिला. सौ. पदराआड हसत होती.

तेव्हापासून रोज रात्री सराव चालू आहे. मी कॅलेंडरावरचं चित्र सांगतो, दादा डोळे मिटून ऐकतात. काल मी सुरुवात केली, "यात चित्रकाराला असं सुचवायचं आहे की..." त्यांनी हात वर केला.

"अर्थ राहू दे रे. आधी सांग, निळा कुठे आहे?"

मी उठून कॅलेंडराजवळ गेलो. शनिवारला अजून चार दिवस आहेत.