बायोडाट्यातला 'वर्ण' कोणी पुसायचा?

धाराशिव तालुक्यातील बेंबळी घ्या, नाहीतर मराठवाड्यातले दुसरे कोणतेही गाव घ्या. आपल्या समाजातल्या उपवर मुलीचा बायोडाटा हातात आला की वर तथागतांचे आणि बाबासाहेबांचे चित्र असते, 'नमो बुद्धाय' असते. पत्रिका, रास, नक्षत्र, गण हे सारे १९५६ च्या धम्मक्रांतीने घराबाहेर काढले. त्याचा रास्त अभिमान आपल्याला आहे. पण थोडे खाली वाचत या. शिक्षण, उंची, रक्तगट आणि त्यांच्या मधोमध एक रकाना: वर्ण. पुढे लिहिलेले असते गोरा, निमगोरा किंवा गव्हाळ. 'सावळा' लिहायला बापाचा हात धजावत नाही. 'काळा' तर कोणीच लिहीत नाही. ज्या शब्दाविरुद्ध बाबासाहेबांनी हयात घालवली तोच शब्द त्यांच्या चित्राखाली छापला जातो आणि कोणाला खटकत नाही! येथे वर्ण म्हणजे फक्त कातडीचा रंग, असे कोणी म्हणेल. मग त्या रंगावरून माणसाची प्रत ठरवली जाते, तिचे काय?

अमेरिकन लेखक स्कॉट वेस्टरफेल्ड यांची 'अग्लीज' ही किशोरांसाठीची कादंबरी २००५ मध्ये आली. २०२४ मध्ये तिच्यावर चित्रपटही निघाला. त्यात भविष्यातले एक नगर आहे. सोळा वर्षे पूर्ण झाली की प्रत्येक मुलामुलीवर सरकारी शस्त्रक्रिया होते आणि सगळे 'सुंदर' होतात. तोपर्यंत ते 'कुरूप' म्हणूनच ओळखले जातात आणि तसे मानायला त्यांना शाळेपासून शिकवलेले असते. राज्यकर्त्यांचा युक्तिवाद मोठा गोड आहे. सगळे सारखेच देखणे झाले की रूपावरून भेदभाव उरणार नाही, म्हणजे समता आली! नायिकेला पुढे कळते की चेहऱ्याबरोबर मेंदूतही बदल केला जातो, म्हणजे सुंदर झालेला माणूस पुन्हा प्रश्न विचारणार नाही.

आपल्याकडे अशी सक्तीची शस्त्रक्रिया नाही. पण मोजपट्टी फार जुनी आहे. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात कोणती मुलगी करू नये याची यादी आहे. पिंगट केसांची नको, जास्त अवयवाची नको, आजारी नको, अंगावर लव फार असलेली नको आणि बडबडी नको. लगेच पुढे चाल कशी हवी, दात कसे हवेत हेही सांगितले आहे. रूपाच्या यादीत 'बडबडी' कशाला आली, हे वाचकांनीच ओळखावे. त्याच ग्रंथाच्या दहाव्या अध्यायात चांडाळाने प्रेताची वस्त्रे नेसावीत आणि लोखंडाचे दागिने घालावेत असा दंडक आहे. म्हणजे कोणी देखणे दिसायचे आणि कोणी ओंगळ दिसायचे हे निसर्गाने नव्हे, धर्मशास्त्राने ठरवून दिले.

हा ग्रंथ २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळला गेला. त्याच दिवसांत बाबासाहेब स्त्रियांपुढे बोलले. लुगडे नेसण्याची तुमची पद्धत, गळ्यातल्या गळसऱ्या, हातात कोपरापर्यंत चढवलेले गोट-पाटल्या या अस्पृश्य म्हणून ओळखण्याच्या खुणा आहेत, त्या टाका, असे त्यांनी बजावले. स्त्रियांनी लागलीच लुगडे घोट्यापर्यंत नेसायला सुरुवात केली.

येथे कोणी शंका काढील, की मग बाबासाहेबांनीही पेहराव बदलायलाच सांगितले, आमच्या मुलीने क्रीम लावले तर बिघडले कुठे? फरक मोठा आहे. लुगड्याची ती पद्धत वरून लादलेली होती. ती टाकणे म्हणजे मालकाची खूण पुसणे. कातडीचा रंग कोणी लादलेला नाही. तो खरवडून काढायचा म्हणजे मालकाची मोजपट्टी कबूल करून स्वतःलाच नापास ठरवणे. महाडच्या बायांनी गोट-पाटल्या उतरवल्या, स्वतःचे अंग नाकारले नाही.

या नापासपणावर बाजार उभा आहे. 'फेअर अँड लव्हली' १९७५ मध्ये बाजारात आली. गोरी झाल्यावर नोकरी आणि नवरा मिळतो, असे तिच्या जाहिराती सांगत राहिल्या. २००५ मध्ये दुसऱ्या कंपनीने पुरुषांसाठीही क्रीम काढले. (समता आली ती अशी!) २०२० मध्ये अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइड यांची पोलिसांच्या हातून हत्या झाली, जगभर कृष्णवर्णीयांचे आंदोलन पेटले, तेव्हा कुठे कंपनीने 'फेअर' हा शब्द काढून 'ग्लो' लावला. त्याच वर्षी लग्न जुळवणाऱ्या एका मोठ्या संकेतस्थळाने रंगानुसार स्थळे गाळण्याची सोय बंद केली. जातीची सोय मात्र कोणी काढली नाही. यावरही आपण बोलले पाहिजे.

कंपनीच्या ट्यूबपेक्षा घातक माल तिच्या आडोशाने विकला जातो. स्टेरॉइड असलेली मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देऊ नयेत, असा नियम केंद्राने २०१८ मध्ये केला. खेड्यातल्या मुलीला तो कोण सांगणार? ती महिनोन्महिने तेच लावते, कातडी पातळ होते, तोंड लाल पडते, थांबवले की आणखी चिघळते. अकोल्याच्या एका घरातल्या तीन महिलांच्या मूत्रपिंडांना इजा झाल्याचे प्रकरण २०२३ च्या सुमारास गाजले. त्या वापरत असलेल्या क्रीममध्ये पारा असल्याचे मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या तपासणीत निघाले. गोरेपणासाठी पारा! आणि तोही बायकांनी बायकांना दिलेला.

शाळाही मागे नाही. राज्य मंडळाच्या बारावीच्या समाजशास्त्राच्या पुस्तकात हुंड्याच्या कारणांत मुलीची कुरूपता आणि अपंगत्व ही कारणे दिली होती. अशा मुलीचे लग्न जमणे कठीण म्हणून वरपक्ष जास्त हुंडा मागतो, असा अर्थ. २०१७ मध्ये ओरड झाली आणि तो मजकूर काढण्याची भाषा सरकारला करावी लागली. गुन्हा मागणाऱ्याचा, पण कारण म्हणून नोंद मुलीच्या तोंडाची! त्या वेस्टरफेल्डच्या नगरातल्या शाळाही हेच शिकवतात.

हा हिशेब शेवटी पैशाचाच आहे. सोयाबीनच्या रानात रोजाने राबणाऱ्या बाईची आणि तिच्यासोबत खुरपायला जाणाऱ्या तिच्या लेकीची कातडी उन्हाने रापणारच. सावलीत बसून खाणाऱ्याच्या लेकीची कशाला रापेल? म्हणजे 'रंगानं कमी' हा शेरा मुलीच्या रूपावर नसतो, तिच्या आईबापाने केलेल्या कष्टावर असतो. आणि तो शेरा मारणारे पाहुणेही त्याच रानातून आलेले असतात, घरी जयंतीला निळा झेंडा लावणारे असतात.

बौद्ध वधू-वर परिचय मेळावे आता तालुक्याच्या गावीही भरतात. त्यांचे छापील अर्ज चळवळीचेच कार्यकर्ते तयार करतात. त्यातला 'वर्ण'चा रकाना काढायला कोणाचा कायदा लागत नाही की मोर्चा लागत नाही. पुढचा अर्ज छापायला देण्याआधी त्या ओळीवर पेनाने एक रेघ मारायची आहे. तसा अर्ज पाहून एखादे वरपिते विचारतील, 'रंग लिहिला नाही?' तेव्हा मंडपात बसलेल्या कार्यकर्त्याने त्यांना काय उत्तर द्यायचे, ते मात्र आजच ठरवून ठेवावे लागेल.