डोंगरी गवत केव्हा कापावे?

दिवाळी उरकली, शेतातील कामे हातावेगळी झाली, की विळे घेऊन डोंगराकडे वळावयाचे, ही आपल्याकडील अनेक गावांची रीत आहे. तोपर्यंत पवन्या, मारवेल, शेडा, कुसळी ही सारी गवते पिवळी पडून त्यांचे बी झडलेले असते. असे गवत वाळविण्याचा त्रास नसतो आणि गंजीही मोठी दिसते. परंतु त्या गंजीत जनावराच्या पोषणास उपयोगी असे किती उरले आहे, याचा विचार क्वचितच होतो. डोंगरी गवताचे जे नुकसान होते त्यातील मोठा वाटा या उशिराचाच आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

गवत फुलोऱ्यावर असते तेव्हा त्याची पाने हिरवी व सकस असतात. पुढे बी भरू लागले की पानांतील सत्त्व बियांकडे ओढले जाते, बी पिकून जमिनीवर गळते आणि मागे निबर काडी राहते. या काडीत लिग्निन नावाचे लाकडासारखे द्रव्य वाढलेले असल्यामुळे ती पचण्यास जड होते. फुलोऱ्यातील डोंगरी गवताच्या शुष्क भागात साधारणतः ५ ते ७ टक्के प्रथिने असतात. उभे वाळलेल्या गवतात ती २ ते ३ टक्क्यांवर येतात. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातील सूक्ष्म जंतूंचे काम नीट चालण्यास वैरणीत सुमारे ७ टक्के प्रथिने असावी लागतात. ती फार कमी पडली म्हणजे वैरण पोटात रेंगाळते आणि जनावर पुढे चारा असूनही कमी खाते. भरल्या गंजीशेजारी बरगड्या दिसणारी गाय उभी असते, त्याचे एक कारण हे आहे. हिरवेपणाबरोबर कॅरोटीनही जाते, व त्यापासून मिळणारे 'अ' जीवनसत्त्व जनावरास मिळत नाही. कुसळीची तर आणखी निराळी तऱ्हा. तिची कुसळे पक्व झाली की जनावरांच्या तोंडात रुततात व मेंढ्यांच्या लोकरीत शिरून कातडीस जखमा करतात.

कोणी म्हणेल, कडबाही पीक पिकल्यावरच मिळतो. खरे आहे; परंतु तेथे आपण दाण्यासाठी थांबतो. गवतापासून कोणता दाणा घरी यावयाचा आहे?

पावसाची अडचण मात्र खरी आहे. गवत फुलोऱ्यावर येते ते बहुधा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात, आणि त्याच सुमारास परतीचा पाऊस केव्हाही गाठतो. शिवाय खरिपाच्या काढणीमुळे मजूरही मिळत नाहीत. म्हणून सारे कुरण एकदम कापण्याचा हट्ट धरू नये. उघडीप पाहून दोन दिवसांत उरकेल तेवढेच कापावे, पातळ पसरून उलथापालथ करावी, आणि काडी पिळली असता ओल न दिसता ती मोडू लागली म्हणजे गंजी रचावी. ओले गवत गंजीत तापते व त्यास बुरशी लागते. अशा रीतीने निम्मे कुरण जरी वेळेवर निघाले, तरी गाभण व दुभत्या जनावरांपुरती चांगली वैरण हाती येते.

दुसरी अडचण बाजाराची. गवत पेंढ्यांच्या संख्येवर विकले जाते. त्यामुळे ते हिरवट आहे की नुसती काडी आहे, हे पाहून भाव ठरत नाही. विकणाऱ्यास उशीर परवडतो, तोटा घेणाऱ्याच्या गोठ्यात होतो. निदान घरच्या जनावरांसाठी कापताना तरी हे माप बाजूस ठेवावे.

बी पडण्यासाठी कुरणाचा एक पट्टा न कापता राखावा व तो दरवर्षी बदलावा.

हीच घाई हिरव्या ज्वारीस मात्र लागू करू नये. कोवळ्या, विशेषतः पाण्याच्या ताणाने खुरटलेल्या ज्वारीत हायड्रोसायनिक आम्ल हे विष असते. निम्मे पीक फुलोऱ्यात आल्याखेरीज ती जनावरांपुढे टाकू नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी या विषयावर भाषणे देण्यापेक्षा एखाद्या शेतकऱ्याचे दोन-चार गुंठे गवत फुलोऱ्यात कापवून वेगळे रचून ठेवावे. होळीच्या सुमारास ते व नेहमीचे गवत एकाच दावणीत शेजारी शेजारी टाकावे, आणि गाय आधी कोणते संपविते ते गावकऱ्यांना पाहू द्यावे.