दारावरची पाटी

यंदा आपल्या महाविद्यालयातील वक्तृत्व स्पर्धेत एक विषय होता : 'फ्लॅट संस्कृतीने माणूस एकाकी केला आहे.' मी मागच्या बाकावर बसून सर्व भाषणे ऐकली. अकरा जण बोलले. अकराही जणांनी अंगणातील तुळस, ओट्यावरच्या गप्पा, आजीच्या गोष्टी आणि शेजारधर्म यांची आठवण काढली, आणि बंद दारांना व लिफ्टमधील अनोळखी चेहऱ्यांना दोष दिला. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, कारण भाषणे खरोखरच चांगली झाली होती. पण परत जाताना एक प्रश्न मनात आला. या अकरा भाषणांत घराविषयी सर्व काही होते. ते घर कोणाचे होते, एवढे मात्र कोणीच सांगितले नाही.

उभे राहून हे विचारण्याचे धैर्य मला त्या दिवशी झाले नाही. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. व्यासपीठ पाहिले की अजून घशाला कोरड पडते. म्हणून जे बोलता आले नाही ते येथे लिहिते आहे. गुरुजनांनी आणि मित्रमैत्रिणींनी गोड मानून घ्यावे. न मानल्यास वाद घालावा.

आमचे गाव कृष्णाकाठी, पलूस तालुक्यात. घर पणजोबांनी बांधलेले. पुढे सोपा, मध्ये माजघर, आत स्वयंपाकघर आणि मागे परडे. दोन हात रुंदीच्या पांढऱ्या मातीच्या भिंती, वर कौले. वैशाखातल्या उन्हातून आत शिरले की अंगाला गारवा लागायचा. त्या घरावर माझे प्रेम आहे आणि ते मी लपवणार नाही.

पण सोप्यावर बसायचे कोण? आजोबा, आबा, चुलते आणि येणारे-जाणारे. वहिनी लग्न होऊन आली २०१८ साली. पुढच्या तीन वर्षांत ती सोप्यावर निवांत बसल्याचे मला आठवत नाही. दारात पायताण वाजले की पदर सावरून ती आत. दादा-वहिनींची खोली म्हणजे माजघराच्या कोपऱ्यात लावलेला एक पडदा, आणि पडद्याला कडी नसते. संडास परड्याच्या टोकाला, गोठ्याच्या पलीकडे. रात्री जायचे तर सासूला उठवायचे. ओट्यावरच्या ज्या गप्पांसाठी सभागृहात टाळ्या पडल्या, त्या गप्पांना लागणारा चहा आतून येत असे. तो करणाऱ्या बाईला त्या गप्पा भिंतीतून जेवढ्या ऐकू येतील तेवढ्याच.

आम्ही हौसेने घर सोडलेले नाही. २००५ चा पूर मी पाहिलेला नाही, माझा जन्म नंतरचा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मी आठवीत होते. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट मानतात. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. आमच्या घरात ते कमरेच्या वर चढले आणि आठ दिवस हलले नाही. मातीची भिंत पाण्यात उभी राहते, बसते ती पाणी ओसरल्यावर, ऊन पडल्यावर. त्या वर्षी लिंपून-सावरून घर उभे केले. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आले, आणि त्या वेळी माजघराची मागची भिंत बसली. वहिनीच्या कडेवर आठ महिन्यांची छकुली होती. कोणी मारले नव्हते, कोणी बोलले नव्हते, पण सर्वांसमोर ती पहिल्यांदाच म्हणाली, "मी पोरीला घेऊन या भिंतीखाली पुन्हा झोपणार नाही." आबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी दादा सांगलीत फ्लॅट पाहू लागला.

फ्लॅट विश्रामबागेत मिळाला. तिसरा मजला, ४३० चौरस फूट, जुनी इमारत, किंमत २४ लाख. दादा कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आहे. पगाराच्या मानाने उडी मोठीच होती. खरेदीचे कागद करणाऱ्या गृहस्थांनी त्याला एक गोष्ट सांगितली. १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात घराची खरेदी बाईच्या एकटीच्या नावाने केली तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. चोवीस लाखांचा एक टक्का म्हणजे चोवीस हजार. दादाने हिशेब केला आणि खरेदी वहिनीच्या नावाने झाली. माझा भाऊ समाजसुधारक आहे असा कोणाचा गैरसमज होऊ नये. त्याने हे चोवीस हजारांसाठी केले, आणि हे तो स्वतःच हसून सांगतो. पण कायद्याने लावलेला हा एक टक्का आमच्या घरात पुढे काय काय करून गेला, ते ऐकण्यासारखे आहे.

पहिले सहा महिने अवघड गेले, हे कबूल केले पाहिजे. रात्री ठेचा कुटायला घेतला की खालच्या काकू वर येत. छकुली रांगत दारापर्यंत जाई आणि परडे नाही म्हणून रडे. आजी आठ दिवस राहायला आली ती पाचव्या दिवशी परत गेली. "सकाळी उठून सडा कुठं घालू?" असे तिने विचारले, त्याला आमच्यापैकी कोणाकडेच उत्तर नव्हते. दादा पाळीवर गेला, मी गावी दहावीच्या अभ्यासात. वहिनी दिवसभर चार भिंतींत एकटी. स्पर्धेतील वक्त्यांना ती त्या दिवसांत भेटली असती तर त्यांची भाषणे तिला पटली असती.

मग एकदा कचरा ठेवायला ती बाहेर आली आणि मागे दार आपोआप लागले. आत छकुली, गॅसवर दूध. वहिनीने समोरचे दार बडवले. त्या घरातील निवृत्त शिक्षक आणि त्यांच्या पत्नी यांच्याशी तोवर तिचे चार शब्दही झाले नव्हते. सर धावत खाली गेले, कोपऱ्यावरच्या किल्लीवाल्याला स्कूटरवर घेऊन आले. बाई दाराशी बसून आतल्या पोरीशी बोलत राहिल्या. दार उघडले तेव्हा दूध करपले होते, पोर हसत होती. तेव्हापासून आमची एक किल्ली त्यांच्या खिळ्याला असते आणि त्यांची आमच्या. बारावीनंतर मी कॉलेजसाठी येथे राहायला आले, तेव्हा पहिल्या दिवशी कुलूप मी त्याच किल्लीने उघडले. शेजारधर्म अंगणाबरोबर पुरात वाहून गेला नव्हता. त्याला दार वाजवणारे कोणीतरी हवे होते.

दुसरी गोष्ट सोसायटीची. सोसायटीच्या वार्षिक सभेची सूचना आली ती वहिनीच्या नावाने. ती बाजूला ठेवून दादा सभेला गेला. सचिवांनी वही पाहिली आणि म्हणाले, "सभासद तुमच्या घरच्या आहेत, मत त्यांचे." दादा परत आला आणि जरा घुश्शातच म्हणाला, "जा, तुला बोलावलंय." वहिनी पदराला हात पुसत खाली गेली. सहकारी संस्थांचा कायदा १९६० चा आहे. एका सभासदाला एक मत, हे त्यातले साधे तत्त्व. आमच्या जिल्ह्यात सहकार म्हटले की साखर कारखाना आणि त्याची निवडणूक डोळ्यांपुढे येते. जिन्याखाली मांडलेल्या वीस खुर्च्या हाही सहकारच आहे, हे मला त्या दिवशी कळले असते तर बरे झाले असते. मला ते वहिनीने नंतर सांगितले. त्या सभेत ती एकच वाक्य बोलली : गच्चीला कुलूप कशासाठी? वाळवण कुठे घालायचे? आधी हशा झाला, मग चर्चा झाली, आणि उन्हाळ्यापुरती गच्ची उघडी राहू लागली. गेल्या चैत्रात चार मजल्यांवरच्या बायका तेथे एकत्र कुरडया घालत होत्या. खालच्या काकूही होत्या. ठेच्याचे भांडण तेथेच मिटले.

आणि दारावर पाटी आहे. पाटीवर वहिनीचे नाव वर, दादाचे खाली. गावाकडचा एक पाहुणा ती वाचून म्हणाला, "आता बायकोच्या घरात राहतोस होय?" दादाचा चेहरा पडला. मला मात्र वाटले, की हा प्रश्न उलटा करून आजवर कोणी कोणत्या बाईला विचारला आहे? आमची आजी साठ वर्षे नवऱ्याच्या घरात राहिली. तिने ते सारवले, पुराचा गाळ उपसला. ग्रामपंचायतीच्या आठ नंबरच्या उताऱ्यावर तिचे नाव नाही.

आत्याचेही नाही. माझी आत्या दर दिवाळीला येते, आबांना ओवाळते. काही वर्षांपूर्वी तिने हक्कसोडपत्रावर सही केली. कोणी जबरदस्ती केली नाही. 'माहेर तुटायला नको' एवढेच तिला पुरेसे होते. वस्तुतः महाराष्ट्राने १९९४ सालीच वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाबरोबरीचा वाटा देणारा कायदा केला. २००५ मध्ये तो हक्क देशभर लागू झाला. हा हक्क मुलीला जन्मानेच मिळतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले. कायदा तिच्या बाजूने होता, तरी सही तिचीच झाली. आपल्याकडे बहिणीला माहेर आणि वाटा यांतून एकच निवडायला लावतात. भावाला असे काही निवडावे लागत नाही.

माझ्यावर आक्षेप येतील ते मला ठाऊक आहेत. नावावर फ्लॅट असूनही आत कोंडून पडलेल्या बायका आहेत. सवलतीपुरते नाव आणि कारभार नवऱ्याचा, असेही पुष्कळ ठिकाणी असेल. गावातही सुनेला लेकीसारखे वागवणारी घरे आहेत. आमच्या फ्लॅटचे हप्ते अजून सोळा वर्षे फिटायचे आहेत, आणि गावी दुरुस्त केलेल्या दोन खोल्यांत आई, आबा व आजी दर पावसाळ्यात नदीकडे डोळे लावून बसतात. फ्लॅट म्हणजे सुख, असे मला म्हणायचेच नाही. घर सुटल्याचे दुःख खरे आहे. पण ते दुःख सोप्यावर बसणाऱ्याचे वेगळे आणि चुलीपाशी बसणारीचे वेगळे. आपण भाषणात फक्त पहिलेच सांगतो, आणि ते सर्वांचे म्हणून सांगतो.

गेल्या दिवाळीत आबांनी सहज विषय काढला. पडलेल्या भिंतीकडची जागा आता दादाच्या नावे करून घ्यावी म्हणतात, "पुढेमागे तुझी एक सही लागेल." ते प्रेमाने म्हणाले. मला शिकवण्यासाठी त्यांनी म्हैस विकली आहे, हे मी विसरलेले नाही. मी "बघू" म्हटले आणि ताट घेऊन आत गेले. आत वहिनी भाकरी करत होती. तिने मान वर न करता विचारले, "काय सांगितलंस?"

तिला मी जे सांगितले तेच येथे सांगते. आबांवर माझा राग नाही आणि भावाचे घर मला नको आहे. पण त्या कागदावर काय लिहिले आहे ते मी आधी पूर्ण वाचीन, आबांनाही वाचून दाखवीन आणि मग आम्ही बोलू. कॉलेजात येऊन दोन वर्षांत मी फार काही शिकले नसेन. वाचल्याशिवाय सही करू नये, एवढे मात्र शिकले आहे.

(द्वितीय वर्ष, कला)