परदेशी पाहुणी उतरणार कुणाच्या घरी?

गेल्या रविवारी विहारात वंदना आटोपल्यावर एक ताई आमच्याजवळ येऊन बसल्या. ताई चार घरची धुणीभांडी करतात, त्यांचे मालक महापालिकेच्या सफाई खात्यात आहेत. मुलगी आठवीत, इंग्रजी शाळेत. आर.टी.ई.च्या पंचवीस टक्के जागांतून पहिलीला प्रवेश मिळालेली. पुढल्या वर्षी नववीपासून ही सवलत संपणार, म्हणून फीची चिंता घरात आधीच सुरू आहे. त्यात शाळेने एक छापील चिठ्ठी पाठवली होती. जर्मनीतल्या एका शाळेशी देवाणघेवाण ठरली आहे, तिकडची मुले इकडे येणार, इकडची तिकडे जाणार. विषय : पर्यावरण आणि सर्वसमावेशक समाज. खाली पालकांनी भरायचे दोन रकाने होते. प्रवासखर्च देऊ शकता काय? आणि पाहुण्या विद्यार्थिनीसाठी घरात स्वतंत्र खोली आहे काय?

"दादा, हे काय असतंय? आपल्या पोरीला जमंल का?" ताईंनी विचारले.

वाचकहो, हा प्रकार युरोपात चांगला रुळलेला आहे. कॉलेजच्या मुलांसाठी १९८७ मध्ये 'इरास्मस' योजना निघाली, शाळांसाठी १९९५ मध्ये 'कोमेनियस'. २०१४ पासून दोन्ही 'इरास्मस प्लस' या एकाच नावाखाली आल्या. दोन-तीन देशांतल्या शाळा मिळून एक विषय घेतात. नदीचे पाणी तपासतात, कचऱ्याचा हिशेब मांडतात, झाडे मोजतात. मुले काही दिवस एकमेकांच्या घरी राहतात आणि बराचसा खर्च युरोपीय संघ उचलतो. २०२१ पासून तर वंचितांचा समावेश आणि पर्यावरण या दोन्ही गोष्टी योजनेच्या मुख्य उद्दिष्टांतच घातल्या आहेत. विमानाऐवजी रेल्वेने जाणाऱ्याला जादा मदत मिळते, गरीब घरच्या मुलाच्या जादा खर्चाचीही सोय आहे. आम्ही याला नावे ठेवणार नाही. चौदा वर्षांचे पोर परक्याच्या घरी आठ दिवस जेवून, स्वतःचे ताट धुऊन परत येते, तेव्हा ते बरेच काही शिकलेले असते.

पण आधी त्या यादीत नाव लागायला हवे ना!

कोमेनियस हे नाव ज्याच्यावरून पडले तो कोमेन्स्की सतराव्या शतकातला शिक्षणपंडित. गरीब-श्रीमंत, मुलगा-मुलगी, सर्वांना शिकवा असे सांगणारा. १६५० ते १६५४ ही चार वर्षे त्याने हंगेरीतल्या शारोशपोतोक या गावी शिकवण्यात घालवली. आज तो भाग बोर्शोद जिल्ह्यात मोडतो. त्याच जिल्ह्यात शायोकाझा, ओझ्द आणि मिश्कोल्त्स ही गावे आहेत. तिथे रोमा लोकांच्या वस्त्या आहेत. जिप्सी म्हणून ज्यांना हिणवले जाते ते हे लोक. त्यांचे पूर्वज हजारएक वर्षांपूर्वी भारतातून गेले, हे त्यांच्या भाषेवरून सिद्ध झाले आहे. रोमानी भाषेत पाण्याला 'पानी'च म्हणतात, कानाला 'कान' आणि नाकाला 'नाक'. हंगेरीतल्या बहुतेक रोमांची ही भाषा मात्र आता सुटली आहे.

ओझ्दला पोलादाचा मोठा कारखाना होता. १९९० नंतर तो बंद पडला, आणि सगळ्यात आधी घरी बसले ते रोमा कामगार. गिरणगावातल्या आमच्या वाचकांना यापुढचे सांगायला नको. याच ओझ्दमध्ये ऑगस्ट २०१३ मध्ये, ऐन उन्हाच्या तडाख्यात, नगरपालिकेने रोमा वस्त्यांतले कित्येक सार्वजनिक नळ बंद केले आणि कित्येकांचा दाब कमी केला. कारण काय, तर म्हणे पाणी वाया जाते! घरात नळ नसलेल्या बाया बादल्या घेऊन लांब लांब फिरल्या. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळ भरली ती कशासाठी, हे आपल्या पोराबाळांना ठाऊक आहे. 'पाणी वाचवा' हा धडा त्या रोमा मुलाला शाळेत देणार असाल तर ओझ्दचा नळही त्या धड्यात यायला हवा.

रुमानियातल्या क्लुज शहराची गोष्ट याच जातीची. तिथे डिसेंबर २०१० मध्ये शहराच्या मध्यभागातून ७६ रोमा कुटुंबे उठवली आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना पाता रात या कचराभूमीच्या कडेला नेऊन वसवले. पुढे २०१५ साली हेच शहर 'युरोपची युवा राजधानी' झाले आणि देशोदेशीची पोरे तिथे जमली.

आता शाळेकडे या. झेक देशातल्या ओस्त्रावा शहरात धडधाकट रोमा मुलांना मतिमंदांच्या खास शाळांत घालत असत. १८ मुलांच्या वतीने दावा लागला. रोमा मूल अशा शाळेत पडण्याची शक्यता इतरांच्या २७ पट आहे, अशी त्या शहराची आकडेवारी पुढे आली. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने १३ नोव्हेंबर २००७ रोजी हा भेदभाव असल्याचा निकाल दिला. हंगेरीविरुद्धही २०१३ मध्ये असाच निकाल लागला. परदेशवारीसाठी शाळा निवडायची वेळ येते तेव्हा भाषा चांगली असलेली शाळा पुढे येते, खास शाळा येत नाही. त्यातून एखादे रोमा मूल निवडले गेलेच, तर परतफेड म्हणून पाहुण्याला घरी ठेवायचे. एका खोलीत सहा माणसे, नळ कोपऱ्यावर. मास्तर काही न बोलता दुसऱ्या मुलाचे नाव लिहितात. यात कुणी उघडपणे 'नाही' म्हणतच नाही, म्हणून भांडायलाही जागा उरत नाही.

या बोर्शोद जिल्ह्यात मात्र एक वेगळी देवाणघेवाण घडली. यानोश ओर्शोश हे रोमा शिक्षक आणि हंगेरीच्या संसदेचे माजी सदस्य तिबोर देरदाक यांच्या वाचनात बाबासाहेबांवरचे एक पुस्तक आले. २००५ आणि २००७ मध्ये ते महाराष्ट्रात आले, बौद्ध समाजात वावरले. २००७ मध्ये त्यांनी तिकडे 'जयभीम नेटवर्क' काढले, बुद्धाचा मार्ग धरला आणि रोमा मुलांसाठी डॉ. आंबेडकरांच्या नावाने शाळा काढल्या. अर्ध्यावर शाळा सुटलेल्या पोरापोरींना तिथल्या मॅट्रिकपर्यंत नेणे हे काम. मिश्कोल्त्सच्या शाळेत २०१६ साली बाबासाहेबांचा अर्धपुतळाही बसला. आपल्याकडून तिथे नळ गेले नाहीत की पैसा गेला नाही. एक चरित्र गेले. आमच्या मते एवढी मोठी शालेय देवाणघेवाण दुसरी नाही, आणि आपल्या किती शाळांतल्या मुलांना ती ठाऊक आहे?

ताईंना आम्ही आणखी एक गोष्ट सांगितली. बाबासाहेब १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले. तिथे आणि पुढे लंडनला राहून आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. १९१७ मध्ये बडोद्याला नोकरीवर रुजू झाले तर राहायला खोली मिळेना. पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसे दारात उभी! त्याच दिवशी बाडबिस्तरा उचलावा लागला. परदेशात काय दिसेल याची काळजी आम्हाला नाही. परत आल्यावर पोरीच्या वर्गात तिच्या शेजारी कोण बसते, हे पाहावे लागेल.

ताई जरा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "खोली नाही, पण पाहुणी आली तर आम्ही दोघं गॅलरीत झोपू. त्यात काय? तिला भाकरी चालेल का एवढं विचारा."

आम्ही तिथेच चिठ्ठी भरली. स्वतंत्र खोलीच्या रकान्यात 'नाही' लिहिले, आणि खाली ताईंच्या सांगण्यावरून 'पाहुणी ठेवण्यास आम्ही तयार आहोत' असे लिहिले. खर्चाच्या रकान्यात पंचवीस टक्क्यांतल्या मुलांसाठी शाळेने काय सोय केली आहे, असा उलट प्रश्न घातला. कचऱ्याच्या विषयावर बोलायला मुलीच्या वडिलांना वर्गात बोलवावे, ही सूचनाही जोडली. तेवीस वर्षे ते शहराचा कचरा उचलत आहेत, ओला कोणता आणि सुका कोणता हे त्यांना पुस्तकात पाहावे लागत नाही.

शनिवारी पालकसभा आहे. ताईंनी आम्हाला सोबत यायला सांगितले आहे. काय झाले ते पुढच्या अंकात लिहू.