दिवेलागणीनंतरची बाजारपेठ

सिंदी या नावाची गावे वर्धा जिल्ह्यात एकाहून अधिक आहेत. वर्धा शहराला अगदी खेटून सिंदी (मेघे) आहे. आणि नागपूर-वर्धा लोहमार्गावर, बोरखेडी व तुळजापूर या स्थानकांच्या दरम्यान, सेलू तालुक्यातील सिंदी (रेल्वे) आहे. कंसातील ‘रेल्वे’ हा शब्द पत्त्यात घोटाळा होऊ नये म्हणून चिकटला असला, तरी गावाचा अर्धा इतिहास त्यात सामावलेला आहे. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ साली नागपूरला पोहोचला आणि वाटेवरच्या वऱ्हाड-वर्ध्याच्या पट्ट्यातील कापसाला गिरणीची वाट सापडली. स्थानकामुळे बाजार आला, बाजारामुळे वस्ती आली, वस्तीमुळे नगरपरिषद आली. आज ही ‘क’ वर्गाची लहानशी नगरपरिषद आहे आणि तिच्याकडे विकासाच्या दृष्टीने पाहणाऱ्यांची संख्या एकाएकी वाढली आहे. कारण उघड आहे. गावाच्या शिवारात कोरडे बंदर येत आहे.

अशा वेळी जी चर्चा होते तिचे विषय ठरलेले असतात. किती कोटींचा प्रकल्प, किती एकर जमीन, किती हातांना काम. हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच. परंतु या गावाची बाजारपेठ सायंकाळी किती वाजता मिटते, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. वास्तविक लहान शहराची प्रकृती पारखायची तर नाडी तेथेच बघावी लागते. दिवेलागणीबरोबर दुकानांच्या फळ्या लागत असतील आणि आसपासच्या खेड्यांतून आलेली माणसे घड्याळाकडे पाहत खरेदी आटोपत असतील, तर त्या बाजाराचे निम्मे आयुष्य आधीच कापले गेले आहे असे समजावे. बाजारहाट सावकाश होतो तेव्हाच चार पैसे जास्तीचे सुटतात. घाईने येणारा मीठ-मिरची घेतो आणि निघून जातो. लुगडे, भांडे, पोरांची पुस्तके घ्यायची असली की तो वर्ध्याची किंवा नागपूरची गाडी धरतो.

यात स्त्रियांचा वाटा मोठा आहे. १७ मार्च २०२३ पासून राज्य परिवहनच्या बसमध्ये महिलांना निम्म्या तिकिटात प्रवास करता येतो. त्या सवलतीने खेड्यातील स्त्री तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या ठिकाणी अधिक मोकळेपणाने जाऊ-येऊ लागली. शिकणाऱ्या मुली, परिचारिका, शिवणकाम करणाऱ्या, भाजी विकणाऱ्या अशा सगळ्याच जणींना तिचा लाभ झाला. परंतु महामंडळाची जबाबदारी बसच्या पायरीशी संपते. पायरीपासून घराच्या उंबरठ्यापर्यंतचा प्रवास कोणाच्या खात्यात जमा आहे? ३ फेब्रुवारी २०२० रोजी याच वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाटमध्ये एका तरुण प्राध्यापिकेला महाविद्यालयात जाताना भर चौकात, भर सकाळी पेटवून देण्यात आले. सात दिवसांनी तिचा मृत्यू झाला. सारा महाराष्ट्र हळहळला, मोर्चे निघाले, कडक कायद्याच्या घोषणा झाल्या. मात्र लेकीला सायंकाळच्या शिकवणीला किंवा शेवटच्या गाडीने यावे लागणाऱ्या नोकरीला पाठवावे की नाही, हा निर्णय आईबाप कायद्याची कलमे वाचून घेत नसतात. रस्ता पाहून घेतात.

कापसाच्या हंगामात हाच प्रश्न शेतकऱ्यापुढेही उभा राहतो. दिवाळीच्या सुमारास पहिल्या वेच्याचा माल येऊ लागला की बाजार समितीच्या आवारात आणि जिनिंगच्या दारात बंड्या व ट्रॅक्टर यांच्या रांगा लागतात. लिलाव, मोजणी, गाडी खाली होणे यात दिवस मावळतो. हातात चुकारा रोख पडत असेल तर परतीच्या वाटेवर मन धास्तावलेले असते. नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीनंतर धनादेशाने व बँकेतून चुकारे देण्याचे प्रमाण वाढले, ही या दृष्टीने चांगलीच गोष्ट झाली. परंतु रोखीची सवय आणि तिची निकड, दोन्ही अजून संपलेल्या नाहीत. शिवाय धोका केवळ चोराचा नसतो. मागे लाल दिवा नाही, परावर्तक पट्टी नाही, अशी कापसाने फुगलेली ट्रॉली अंधाऱ्या रस्त्यावर उभी असते आणि मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला ती दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. दोन हात लांबीची एक परावर्तक पट्टी! बाजार समितीच्या फाटकावर माल आत घेतानाच ती लावून देता येणार नाही काय?

रेल्वे स्थानकातून बाहेर पडून बाजाराच्या रस्त्याला लागेपर्यंतची शंभर-दोनशे पावले घ्या. फलाटावर रेल्वे सुरक्षा दल आणि लोहमार्ग पोलीस यांची हद्द. फाटकाबाहेर जिल्हा पोलिसांच्या ठाण्याची हद्द. रस्ता सार्वजनिक बांधकाम खात्याचा असू शकतो किंवा नगरपरिषदेचा. दिवा नगरपरिषदेचा, पण त्यात येणारी वीज महावितरणची. एखादा दिवा बंद पडला तर अर्ज कोणाकडे करायचा, हे ठरविण्यातच पंधरवडा जातो. सार्वजनिक रस्त्यांवर दिवाबत्ती करणे हे महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियम, १९६५ च्या ४९ व्या कलमाने नगरपरिषदेचे बंधनकारक कर्तव्य ठरविले आहे. ‘शक्य झाल्यास’, ‘निधी उपलब्ध झाल्यास’ अशा पळवाटा त्या यादीला नाहीत. तरीही राज्यातील कोणत्याही लहान शहरात दिवाबत्ती ही एखाद्या सदस्याने प्रभागावर केलेली कृपा समजली जाते आणि नव्या खांबाचेही उद्घाटन होते.

लहान नगरपरिषदांची आणखी एक अडचण आहे. त्या धड खेड्यात नाहीत, धड शहरात नाहीत. खेड्याला पोलीस पाटील आहे. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम १५ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झाली तीही गावांसाठी. अवैध दारू रोखण्यासाठी दारूबंदी कायद्यात २०१६ साली दुरुस्ती करून ग्रामरक्षक दलाची तरतूद झाली. ते दल ग्रामसभा स्थापन करते, आणि नगरपरिषदेला ग्रामसभाच नाही. उलट बाजूने, मोठ्या शहराला पोलीस आयुक्तालय, वाहतूक शाखा, गस्तीच्या गाड्या असतात. सिंदीसारख्या गावाला यांपैकी काय मिळते? एक ठाणे, आणि त्या ठाण्याला शहराबरोबर भोवतालची खेडीही सांभाळायची असतात. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी ‘ग्रामगीते’त ग्रामरक्षणाला स्वतंत्र अध्याय दिला. गावाच्या रक्षणात गावकऱ्यांचाच हात असला पाहिजे, ही या मातीतली जुनी समजूत आहे. गावाची नगरपरिषद झाली म्हणून ती समजूत कालबाह्य का व्हावी?

दारूचा विषय येथे टाळता येणार नाही. गांधीजी आणि विनोबा यांच्या वास्तव्याची भूमी म्हणून वर्धा जिल्ह्यात सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे. तिच्यामागील भावना आदराचीच आहे. पण सिंदी हे गाव जिल्ह्याच्या नागपूरकडील टोकाला आहे. पुढचे बोरखेडी आणि बुटीबोरी ही स्थानके नागपूर जिल्ह्यात येतात, आणि तेथे दारूबंदी नाही. सीमा ओलांडायला काही मिनिटे पुरतात. पोलीस ‘वॉशआऊट’ मोहिमा काढतात, मोहाचा सडवा नाल्यात ओतला जातो, वर्तमानपत्रात छायाचित्र येते आणि आठवड्याने दुसऱ्या झुडपाआड भट्टी पेटते. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली लागू झालेली दारूबंदी २०२१ साली उठविण्यात आली, तेव्हा अवैध विक्री आणि वाढलेली गुन्हेगारी हेच कारण पुढे करण्यात आले. चोर पकडता येत नाही म्हणून कुलूप काढून टाकावे, असा तो न्याय झाला. वर्ध्याने तो मार्ग धरू नये. मात्र दारूबंदीचे समर्थन करणाऱ्यांनी एक हिशोब मांडला पाहिजे. अवैध दारूवर जाणारा प्रत्येक रुपया त्या संध्याकाळी किराणावाल्याकडे, कापडवाल्याकडे, दूधवाल्याकडे गेलेला नसतो. तो कर भरीत नाही, कोणाला उघड रोजगार देत नाही, आणि ज्या कोपऱ्यावर तो खर्च होतो तेथून स्त्रिया जाणे सोडतात. त्या कोपऱ्यावरची दोन-तीन दुकाने मग आपोआप ओस पडतात. बाजाराचे नुकसान असे दोन्हीकडून होते. व्यापारी मंडळींनी दारूविरोधाचे काम केवळ महिला मंडळांवर सोपवून मोकळे होण्याचे दिवस म्हणूनच संपले पाहिजेत.

सध्या सुरक्षिततेचा विषय निघाला की कॅमेऱ्यांची मागणी होते. कॅमेरे जरूर असावेत. तपासाला त्यांची मदत होते. पण कॅमेरा घटना घडल्यावर सांगतो. घडताना तो हाक मारीत नाही, धावत येत नाही. अमेरिकेतील शहरांचा अभ्यास करणाऱ्या जेन जेकब्ज या विदुषीने १९६१ साली लिहिलेल्या ग्रंथात हेच मांडले होते, की रस्त्याचे खरे राखण त्यावर वावरणाऱ्या, दुकानात बसलेल्या, खिडकीतून पाहणाऱ्या माणसांच्या नजरा करीत असतात. न्यूयॉर्ककरांना हे ग्रंथ लिहून सांगावे लागले. आपल्याकडे पारावर बसणारे म्हातारे आणि ओट्यावर निवडण-टिपण करणाऱ्या आजीबाई हे काम पिढ्यान्‌पिढ्या बिनपगारी करीत आले. ‘कोणाची गा तू?’ या एका प्रश्नात अर्धी पोलीस चौकी होती.

आज ते काम कोण करतो? चहाची टपरीवाला, भाजीवाली, भुईमुगाच्या शेंगा विकणारा, चपला शिवणारा. रात्री साडेनऊपर्यंत कंदील लावून बसणारी एक भाजीवाली रस्त्याचा तेवढा तुकडा जागा ठेवते. आणि नेमके यांनाच आपण ‘अतिक्रमण’ या एका शब्दात गुंडाळतो. रस्ता अडतो, दुकानांची दर्शनी बाजू झाकली जाते, कचरा होतो, या व्यापाऱ्यांच्या तक्रारी खोट्या नाहीत. भाडे आणि कर भरणाऱ्याला पुढ्यातली हातगाडी खुपणारच. पण त्यावरचा उपाय गाडी उचलून नेणे हा नाही. ती उचलली की मागे अंधारच उरतो.

उपाय कायद्यात लिहिलेला आहे. पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियम, २०१४ हा लहान नगरपरिषदांनाही लागू आहे. त्यानुसार नगर पथविक्रेता समिती नेमावयाची असते. तिच्यात किमान ४० टक्के सदस्य पथविक्रेत्यांनी निवडून दिलेले, त्यांपैकी एक तृतीयांश स्त्रिया. आणि त्याच टेबलाभोवती पोलीस, वाहतूक पोलीस, व्यापारी संघटना, बँका व नगरपरिषद यांचे प्रतिनिधी. अध्यक्ष मुख्याधिकारी. दर पाच वर्षांनी विक्रेत्यांची पाहणी करायची आणि त्यांच्या जागा ठरवायच्या. एवढ्या हद्दींचे धनी एका टेबलाशी बसविणारी अशी दुसरी व्यवस्था लहान शहरापाशी नाही. फक्त या समितीकडे हातगाड्या मोजणारी समिती म्हणून पाहणे सोडून दिले पाहिजे. कोणत्या रस्त्यावर किती वाजेपर्यंत वर्दळ राहावी, जागा देताना अंधाऱ्या वळणाला प्राधान्य द्यावे काय, शेवटच्या गाडीच्या वेळी स्थानकाच्या वाटेवर कोणती दुकाने उघडी असावीत, हे ती ठरवू शकते. एक त्रुटी मात्र आहे. हा कायदा रेल्वेच्या जमिनीला लागू होत नाही. जे गाव नावातच रेल्वे मिरविते त्याला ही त्रुटी अधिक जाणवणार. तेव्हा रेल्वेच्या अधिकाऱ्यांना समितीच्या बैठकीला निमंत्रण देऊन बोलाविणे हाच मार्ग उरतो.

हे सारे कागदी वाटत असेल तर सिंदीचा तान्हा पोळा आठवावा. बैलपोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान मुलांचा हा सण विदर्भभर साजरा होतो. त्यात सिंदीचा तान्हा पोळा विशेष प्रसिद्ध. लाकडाचे लहान-मोठे नंदी सजतात, काही तर चाकांवर ओढावे लागतील एवढे भव्य, आणि ते पाहायला गावोगावची माणसे लेकराबाळांसह लोटतात. त्या दिवशी हद्दींचा प्रश्न कोणी काढीत नाही. दिवे लागतात, स्वयंसेवक उभे राहतात, पोलीस ओळखीच्या चेहऱ्याने बोलतात, लेकरे बापाच्या खांद्यावरून मिरवणूक पाहतात आणि खेळणी, फुगे, मिठाई विकणाऱ्याच्या गल्ल्यात चार पैसे पडतात. गर्दी जितकी मोठी तितके माणसाला निर्धास्त वाटते, असा हा विरळा दिवस. हे ज्या गावाला वर्षातून एकदा साधते त्याच्यापाशी माणसेही आहेत आणि शहाणपणही आहे.

आता कोरड्या बंदराकडे वळू. २०१७ साली नितीन गडकरी यांच्या पुढाकाराने जवाहरलाल नेहरू बंदराच्या सिंदी येथील कोरड्या बंदराची पायाभरणी झाली. पुढे २०२१ साली राष्ट्रीय महामार्ग लॉजिस्टिक्स व्यवस्थापन कंपनीशी करार होऊन तेथे बहुविध मालवाहतूक केंद्र उभारण्याचे ठरले. कापूस, संत्रा, तांदूळ, पोलाद हा विदर्भाचा माल येथून थेट लोहमार्गाने समुद्राकडे जावा, ही कल्पना निःसंशय चांगली आहे. पण मालाबरोबर माणसेही येतात. शेकडो मैल चालवून आलेला ट्रकचालक दोन रात्री मुक्कामाला राहणार. त्याला झोपायला जागा, आंघोळीला पाणी, धड जेवण मिळाले नाही तर तो रस्त्याच्या कडेला गाडी लावणार, आणि त्याच्याभोवती कोणता धंदा उभा राहतो हे सर्वांना ठाऊक आहे. परप्रांतीय मजुरांची वस्ती होईल. त्यांच्या खोल्यांची नोंद, त्यांच्या लेकरांची शाळा कोण बघणार? शेजारच्या बुटीबोरीकडे पाहावे. औद्योगिक वसाहत केव्हाच उभी राहिली, कारखान्यांचे भोंगे वाजू लागले, आणि गावाचा कारभार मात्र वर्षानुवर्षे ग्रामपंचायतीच्या तुटपुंज्या खांद्यावर राहिला; नगरपरिषद फार उशिरा आली. आधी धूर, मग गटार, असा आपल्याकडचा क्रम आहे. सिंदीत निदान नगरपरिषद आधीपासून आहे.

राज्यातील नगरपरिषदा बराच काळ प्रशासकांच्या हाती होत्या. डिसेंबर २०२५ मध्ये निवडणुका होऊन त्या पुन्हा लोकप्रतिनिधींकडे आल्या. नव्या सदस्यांपुढे मागण्यांचे ढीग असणारच. त्यांनी येत्या कापूस हंगामापूर्वी नगर पथविक्रेता समितीची एक बैठक तेवढी वेगळ्या रीतीने घ्यावी. सभागृहात, दुपारच्या चहाबरोबर नको. सायंकाळी साडेसातला, गाडी लागण्याच्या वेळी, स्थानकाच्या फाटकाबाहेर. मुख्याधिकारी, ठाणेदार, रेल्वेचा एक अधिकारी, महावितरणचा अभियंता, व्यापारी संघटनेचा पदाधिकारी आणि दोन भाजीवाल्या, अशा सर्वांनी तेथून बस थांब्यापर्यंत व पुढे बाजार समितीच्या फाटकापर्यंत पायी जावे. जेथे दोघींपैकी एकीचे पाऊल अडखळेल तेथे खांबाचा क्रमांक लिहून घ्यावा.